मस्टरवरचे खोटे खाडे

प्रिय मित्रा,
जय ख्रिस्त.

पत्र मिळालं. घोडबंदर रोडच्या साइटवर कामावर आलेल्या माणसांचे खाडे मांडायला ठेकेदाराने तुला लावलं, त्यांची मजुरी कापली, आणि पुढे त्यालाच अर्धांगवायूचा झटका आला. 'देवाने न्याय केला ना?' असं विचारतोस. पण उत्तर तू आधीच ठरवलेलं दिसतं.

मी तरी नाही म्हणेन. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती का, असं येशूने विचारलं. स्वतःच नाही म्हणाला, आणि लगेच ऐकणाऱ्यांना बजावलं की पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल (बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय 13). मेलेल्यांचा हिशेब मांडायला बसलेल्यांना त्याने स्वतःच्या हिशेबाकडे वळवलं. बायबलमधल्या ईयोब या नीतिमान माणसाच्या मित्रांनीही त्याच्या दुखण्यावरून त्याचं पाप काढलं, आणि शेवटी देवाचा राग ओढवला तो त्या मित्रांवर. न्याय होणार, मरणानंतर प्रत्येकाचा आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांचा, हे आपण मानतो. पण तो निकाल हॉस्पिटलच्या केसपेपरवर वाचायचा नसतो. उद्या फिजिओथेरपीने तो चालू लागला तर काय म्हणशील? देवाने शिक्षा माफ केली?

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तू तो एका ओळीत उरकलास: पापनिवेदन झालं, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल केलं, आता मी मोकळा. फादरांशी काय बोललास ते मला सांगू नकोस. त्यांनाही ते कुणाला सांगता येत नाही. पण कॅथलिक शिकवण एवढ्यावर थांबत नाही. पापाची क्षमा होते, झालेलं नुकसान मात्र आपोआप भरून येत नाही. ते शक्य तितकं भरून द्यावं लागतं. मोशेच्या नियमशास्त्रातही कबुलीपाठोपाठ भरपाई येते: पूर्ण रक्कम, वर पाचवा हिस्सा, आणि तीही ज्याचं नुकसान केलं त्याच्याच हातात (गणना 5). तुझे प्रॉटेस्टंट मित्र म्हणतील, तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्मांनी विकत मिळत नाही. खरंच आहे. जक्कय या जकातदाराने लोकांकडून लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं ते येशूने घरी यावं म्हणून नव्हे. येशू त्याच्याकडे उतरायला निघाला, मग त्याला ते सुचलं.

'पैसे ठेकेदाराच्या खिशात गेले, मी का भरू?' हाही प्रश्न जुनाच. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मपंडिताने क्रम लावून दिला आहे: परतफेडीची जबाबदारी आधी हुकूम देणाऱ्याची, त्यानंतर तो अमलात आणणाऱ्याची. म्हणजे तुझा नंबर दुसरा आहे, पण आहे.

तेव्हा आधी मस्टर काढ. कुणाचे किती खाडे खोटे आणि किती रुपये कापले, हे कागदावर मांड. ठेकेदाराचा व्यवहार आता जो बघतो त्याच्यापुढे तो कागद ठेव. आजाऱ्याच्या उशाशी नको. व्यवहार बघणारा नाही म्हणाला तर ठाण्यात कामगार खात्याचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करताना त्या माणसांबरोबर उभा राहा. नोकरीवर गदा येऊ शकते, हे मी लपवत नाही. तरीही पैसे निघाले नाहीत, तर तुझ्या पगारातून जमेल तसं, हप्त्याहप्त्याने दे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि कापणी करणाऱ्या मजुरांची ओरड देवाच्या कानी पोचते. तुझ्या मस्टरमधल्या प्रत्येक खोट्या खाड्यामागे असं एकेक माणूस आहे, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला एका दिवसाची मजुरी म्हणजे किती, हे तू साइटवर बसून पाहिलंच आहेस.

काही जण सापडणार नाहीत. त्यांच्या वाट्याचे पैसे गरिबांना द्यावेत, अशी चर्चची जुनी रीत आहे. पण ती पळवाट करू नकोस. आधी मुकादमाकडून फोन नंबर घे. होळीला बरेचसे गावी जातील, त्याआधी.

तुझा,
काका