बाटलीत भरल्यावर घरच्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव का येते?

तुम्ही लिहिलंय की भरताना बिअर फक्कड लागली, पण महिन्याभरात हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) वास गेला, रंग काळपट झाला आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली. बिअरला हवा लागली. खोबरं खवट होतं, त्याच जातीचा प्रकार. पुठ्ठ्याच्या वासामागचं रसायन ट्रान्स-२-नोनेनल इतकं जहाल असतं की लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमलाही नाकाला कळतं.

तुम्ही फोंड्यात, मी डिचोलीत, म्हणजे उकाडा दोघांचाही सारखाच. माझ्या पहिल्या दोन खेपा अशाच गेल्या. बिअर नितळ व्हावी म्हणून मी ती दुसऱ्या बादलीत ओतून पंधरा दिवस ठेवायचो आणि मग भरायचो. ते ओतणंच नडलं. आंबवण सुरू होताना ऑक्सिजन यीस्टला हवा असतो, पण आंबून झाल्यावर तो शत्रूच. आता मी बादली बदलत नाही. गाळ आपोआप तळाशी बसतो.

बाटलीत फसफस यावी म्हणून साखर लागते, पण तिच्यासाठीही बिअर दुसऱ्या बादलीत काढत नाही. १८ लिटरच्या खेपेत ६५० मिलीच्या २८ बाटल्या भरतात. १२० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात पाच मिनिटं उकळायची, गार झाली की उकळून निवलेलं पाणी घालून पाक २८० मिली करायचा आणि निर्जंतुक सिरिंजने प्रत्येक बाटलीत १० मिली सोडायचा. त्याआधी हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा तीन दिवस हललेला नसावा, म्हणजे आंबणं संपलेलं असावं. यात घाई केली तर बाटल्या फुटतात, काच अंगावर येते.

मग बादलीतून बाटलीत बिअर सोडायची नळी, आणि खरी मेख इथेच आहे. नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकलेलं हवं. बिअर खालून वर चढली पाहिजे, एकही खळखळ ऐकू येता कामा नये. नळीत बुडबुडा दिसला तर थांबा, जोड घट्ट करा. बाटली काठोकाठ भरा; नळी काढली की पातळी उतरते आणि वर बोटभर जागा उरते, तेवढी पुरे. मानेत २० मिली हवा राहिली तर तीत ४ मिलीच्या वर ऑक्सिजन असतो, म्हणजे ५ मिलिग्रॅमहून जास्त. ब्रुअरीवाले लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या खाली राहायला बघतात! म्हणून सगळ्या भरून मग झाकणं लावू नका. एक भरली की लगेच झाकण दाबा, मगच दुसरी.

बाटलीतलं जिवंत यीस्ट साखर खाताना उरलेला थोडा ऑक्सिजनही खाऊन टाकतं. कंडिशनिंगचा, म्हणजे बाटलीतच फसफस तयार होऊ देण्याचा, हा मोठा आधार. सगळा मात्र त्याला झेपत नाही.

आणि फर्मेंटर, म्हणजे आंबवायची बादली, भरण्याआधी फ्रिजमध्ये गार करत असाल तर सांभाळा. गार होताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या पाण्याच्या झडपेतून) बाहेरची हवा आत ओढली जाते. मी तर ते करतच नाही.

भरल्यावर दहा-बारा दिवस खोलीत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, मग सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. कौलांखाली मे महिन्यात ३३ अंशांवर बिअर जेवढी आठवड्यात म्हातारी होते, तेवढी फ्रिजमध्ये कित्येक आठवड्यांत होत नाही. पुढच्या खेपेची एक बाटली मुद्दाम बाहेरच ठेवा आणि महिन्याने फ्रिजमधलीसोबत ग्लासात ओतून दोन्हींचा वास घ्या. काय आढळलं ते इथे नक्की लिहा, मी वाट बघतो.