व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये स्ट्रॉबेरीसारख्या पानांचं गडद लाल फूल दिसलं, ते कोणतं?

ते बहुतेक पोटेन्टिला अॅट्रोसँग्विनिया, गुलाबाच्या कुळातली बहुवर्षायू हिमालयी रानवनस्पती. रंगावर जाऊ नका, पान बघा: तीन पर्णिका (एकाच पानाचे सुटे छोटे भाग), कडा करवती आणि पान उलटलं की खालून रुपेरी-पांढरी दाट लव. (तोडू मात्र नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे.) याच्याशी हमखास गल्लत होते ती पोटेन्टिला नेपालेन्सिसची, तिच्या बुडाशी असलेल्या पानांना पाच पर्णिका असतात आणि ती खालूनही हिरवीच दिसतात.

तुम्ही काढलेल्या फोटोत फुलाची मागची बाजू आली असेल तर फारच उत्तम. पाकळ्या पाच, टोकाशी खाचदार. त्यांच्यामागे पाच निदलं (कळीला झाकणारी हिरवी दलं) आणि त्या निदलांच्या मधल्या फटींत आणखी पाच अरुंद हिरवी दलं. अशी दुहेरी हिरवी चांदणी स्ट्रॉबेरीच्या फुलालाही असते, पण फळात फरक पडतो: इथे रसाळ काही धरत नाही, नुसत्या बारीक कोरड्या बिया.

एक अडचण आहे. याच जातीचा पिवळ्या फुलांचा प्रकारही हिमालयात सर्रास आढळतो, त्यामुळे शेजारच्या झाडाला पिवळी फुलं दिसली म्हणून ती वेगळी जात समजू नका.