शेजारी टॉवरचं खोदकाम सुरू होतंय, आमच्या जुन्या तीन मजली सोसायटीने काय करावं?

खोदाई सुरू व्हायच्या आत स्ट्रक्चरल इंजिनियरकडून आपल्या इमारतीची पाहणी करून घ्या, शक्यतो बिल्डरच्या माणसासमोर. नंतर तडा गेला तर "हा जुनाच आहे" हे उत्तर ठरलेलं असतं. जिन्यातले, गच्चीवरचे, कंपाउंड वॉलचे तडे मोजपट्टी लावून तारखेसह फोटोत घ्या. तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा मारून तारीख लिहा; पट्टा तडकला की हालचाल सुरू आहे.

पुण्यात खाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण. खडक फोडणाऱ्या ब्रेकरचे हादरे बसतातच, पण मला जास्त धास्ती वाटते ती वरच्या मातीच्या थराची. तळघराचा खड्डा आधाराशिवाय उघडा राहिला आणि पाऊस लागला, की कडेची भिंत सुटते. 2019 च्या जूनमध्ये कोंढव्यात सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 जण गेले. त्यामुळे खड्ड्याला आधार कसला देणार, हे बिल्डरला लेखी विचारा. पत्राची प्रत महापालिकेच्या बांधकाम विभागात द्या, पोच घ्या.

टॉवरचे मंजूर नकाशे महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर बघता येतात. बोअरचं पाणीही आत्ताच मोजून ठेवा, खड्ड्यातला उपसा सुरू झाला की पातळी उतरू शकते.