फ्लॅट डिसेंबरात बघू नका, मे महिन्यात बघा

ॲरिझोनातल्या चँडलरहून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. त्यातला मुख्य भाग असा:

"आम्ही दोघं पंचेचाळिशीतले, मुलगी नववीत. २०३१ च्या सुमारास पुण्याला परतायचं ठरवलंय. गेल्या डिसेंबरात वाघोलीला एक थ्री बीएचके बघितला, एक कोटी चाळीस लाखांचा. बिल्डर म्हणतो चोवीस तास पाणी आहे. निवृत्तीच्या खात्यांतले पैसे सोडून आमची बचत साधारण दोन कोटी. इकडे ॲरिझोनाचं पाणी संपत आल्याच्या बातम्या रोज वाचतो. ह्यांचं म्हणणं, इथलं घर लवकर विकून तिकडचं घेऊन टाकू. सासूबाई कोथरूडला एकट्या असतात, त्यांचंही बघायचंय. मुलीच्या कॉलेजचं काय करावं कळत नाही."

ताई, तुमची घालमेल कळते. परतायची तारीख ठरली की आधी घर घेऊन मोकळं व्हावंसं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. पण दोन कोटींतले एक कोटी चाळीस लाख, म्हणजे बचतीचा सत्तर टक्के भाग, तुम्ही एका इमारतीत घालायला निघालात आणि तिच्या पाण्याबद्दल तुमच्याकडे पुरावा काय, तर विकणाऱ्याचा शब्द. तुम्ही दोघंही हिशेबी माणसं आहात हे पत्रावरून दिसतं. मग हा हिशेब का नाही मांडलात?

आपण परदेशात राहणारे सगळे सुट्टीत डिसेंबरातच जातो. तेव्हा खडकवासला साखळीतली पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चारही धरणं पावसाळ्यानंतर भरलेली असतात. चौघांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. तेवढ्यातच पुण्याचं बहुतांश पिणं आणि दौंड-इंदापूरपर्यंतची शेती, दोन्ही भागवायचं असतं. वाटपाचा हिशेब कालवा सल्लागार समितीत होतो. फेब्रुवारीनंतर साठा उतरू लागतो आणि मेच्या शेवटी टाक्या रिकाम्या दिसतात. डिसेंबरात सॅम्पल फ्लॅटचा नळ सोडून बघण्यात काही अर्थ नाही.

आता चोवीस तासांचं. बिल्डर खोटं बोलत असेलच असं नाही. गच्चीवरच्या टाकीतून नळाला चोवीस तास पाणी येतंच. प्रश्न आहे तो त्या टाकीत पाणी कुठून येतं हा. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या तेवीस गावांपैकी वाघोली एक. पण हद्दीत येणं वेगळं आणि जलवाहिनी दारात येणं वेगळं. अशा भागात बांधकाम परवाना घेताना बिल्डरकडून हमीपत्र घेतलेलं असतं, की पालिकेचं पाणी मिळेपर्यंत रहिवाशांची सोय मी करीन. इमारत सोसायटीच्या ताब्यात गेली की ती सोय, म्हणजे टँकरचं बिल, रहिवाशांच्या गळ्यात येतं. माझ्या धाकट्या दिराच्या सोसायटीत ताबा मिळाल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात देखभाल खर्च दीडपट झाला आणि वाढलेला जवळजवळ सगळा पैसा टँकरचा होता.

आकडे घ्या. दोनशे फ्लॅट, घरी चार माणसं, माणशी रोज १३५ लिटर. गृहीत धरायचं प्रमाण हेच. रोजची गरज झाली १ लाख ८ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अकरा टँकर. टँकर पंधराशे रुपयांना धरला तर रोजचे साडेसोळा हजार, महिन्याचे चार लाख पंचाण्णव हजार, फ्लॅटमागे २,४७५ रुपये. पालिकेचं पाणी निम्मं मिळालं तर खर्च निम्मा. एप्रिल-मेमध्ये भाव चढतो आणि कधीकधी पैसे देऊनही टँकर येत नाही, तेही धरा.

हा खर्च निवृत्तीच्या आराखड्यात स्वतंत्र ओळीत लिहा. महिना अडीच हजार म्हणजे वर्षाचे तीस हजार. खर्च दरसाल जितक्या टक्क्यांनी वाढेल तितक्याच टक्क्यांनी गुंतवणूक वाढते असं धरलं, तर पंचवीस वर्षांसाठी आज साडेसात लाख बाजूला हवेत. शिवाय नवीन बोअर, सांडपाणी प्रकल्पाची दुरुस्ती, जलवाहिनी आली तर तिच्या जोडणीचा वाटा, या विशेष वर्गण्यांसाठी चार-पाच लाख. हे सगळं फ्लॅटच्या किमतीत मिळवा आणि मग कोथरूडच्या लहान फ्लॅटशी तुलना करा.

आता तपासायचं काय आणि कसं.

महारेरा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाने शोधा. तिथे बांधकाम परवाना अपलोड केलेला असतो. त्याच्या अटी शेवटपर्यंत वाचा, पाण्याची अट बहुधा शेवटच्या पानांत असते. करारनाम्याच्या मसुद्यात पाण्याबद्दल काय लिहिलंय आणि ताब्यानंतर टँकरचा खर्च कोणावर टाकलाय ते बघा. तोंडी सांगितलेलं लेखी मागा. द्यायला नकार आला तर तेच तुमचं उत्तर.

मग त्याच रस्त्यावरची तीन-चार वर्षं जुनी, तयार सोसायटी गाठा. तिच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात जमाखर्च असतो, त्यात पाणी किंवा टँकर अशी ओळ असते. मागच्या तीन वर्षांचे आकडे मागा. सेक्रेटरी द्यायला कचरले तर तळमजल्यावरच्या एखाद्या आजोबांना विचारा, सकाळी किती टँकर आत येतात ते त्यांना तोंडपाठ असतं. तुमचा भाचा किंवा पुतण्या पुण्यात असेल तर त्याला मेच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी सहा ते नऊ फाटकाशी उभं करा. तीन तासांत किती गाड्या आल्या एवढंच मोजायला सांगा.

जमिनीखालच्या टाकीची क्षमता विचारा. दोन दिवसांचा साठा हवा, म्हणजे आपल्या उदाहरणात सव्वादोन लाख लिटर. इथे एक चलाखी होते, आग विझवण्यासाठी राखलेलं पाणी त्याच आकड्यात धरून सांगतात. ते रोजच्या वापराचं नसतं, वजा करा.

बोअर किती, खोली किती आणि मेमध्ये पाणी किती येतं ते विचारा. पुण्याखाली बेसाल्टचा कातळ आहे. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत, म्हणून शेजारी शेजारी घेतलेल्या दोन बोअरपैकी एकाला पाणी लागतं आणि दुसरा कोरडा जातो. जास्त खोल गेलं की जास्त पाणी, हा हिशेब इथे चालत नाही. त्यातून आजूबाजूला दहा टॉवर उभे राहिले की सगळे त्याच भेगांतून उपसतात. नमुना प्रयोगशाळेत द्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,०००. कडकपणासाठी हेच आकडे २०० आणि ६००. नायट्रेट ४५ च्या वर नकोच, तिथे सवलत नाही. कडक पाण्याने गीझरचं कॉइल आणि वॉशिंग मशीन लवकर जातं. सॉफ्टनर बसवला तरी त्याला मीठ लागतं आणि धुवायला पुन्हा पाणीच जातं.

सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प चालू आहे का ते स्वतः खाली उतरून बघा. १३५ पैकी ४५ लिटर फ्लशला जातात. फ्लशची वेगळी पाइपलाइन असेल आणि प्रकल्प खरंच चालत असेल तर आपल्या उदाहरणात रोज ३६ हजार लिटर, म्हणजे साडेतीन टँकर वाचतात. अडचण अशी, की वीजबिल आणि ऑपरेटरचा पगार वाचवायला कित्येक ठिकाणी तो बंद ठेवतात. पंप सुरू नाहीत, टाकीवर साय धरलीय, नोंदवही कोरी आहे, असं दिसलं की समजून जा.

पर्जन्यजल संधारणाचं मोठं चित्र माहितीपत्रकात असतं. ते हवंच, पण त्याच्या भरवशावर फ्लॅट घेऊ नका. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस. दीड हजार चौरस मीटर गच्ची आणि त्यातलं ऐंशी टक्के पाणी हाती लागलं तरी ८ लाख ४० हजार लिटर. आपल्या सोसायटीला ते आठ दिवस पुरेल. स्वतंत्र बंगल्यात चार माणसांसाठी हाच उपाय फार उपयोगी पडतो. दोनशे बिऱ्हाडांना मात्र तो तारून नेत नाही.

"मग पिंपरी-चिंचवडकडे बघू का?" असंही तुम्ही विचारलंय. तिथे पवना धरणावर भिस्त आहे आणि नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. दिवसाआड पण ठरलेल्या वेळी येणारं पालिकेचं पाणी टँकरपेक्षा कितीतरी बरं, पुरेशी टाकी असेल तर निभतं. माझ्या मावसबहिणीचं तिथे नीट चाललंय. जुन्या पुण्यात, पर्वती जलकेंद्राच्या वितरणात असलेल्या भागात, जाळं जुनं पण पक्कं आहे. तिथे पुनर्विकासाची इमारत घेत असाल तर एवढंच विचारा: आधी चोवीस बिऱ्हाडं होती, आता साठ झाली, नळजोडही वाढवून मिळाला का? मंजुरीचं पत्र बघा. आणि कुणी पाण्याची विहीर असलेला फार्महाऊसचा प्लॉट सुचवला तर नाही म्हणा. अनिवासी भारतीयांना शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की आत्ता घर घेऊच नका. २०३१ ला परतल्यावर दोन वर्षं भाड्याने राहा, ज्या भागात घ्यायचंय त्याच भागात, म्हणजे दोन उन्हाळे तिथे काढून होतील. एक कोटी चाळीस लाखांच्या फ्लॅटला भाडं चाळीस हजारांच्या आसपास धरा, वर्षाचे चार लाख ऐंशी हजार. तेच एक कोटी चाळीस लाख सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला नऊ लाख ऐंशी हजार मिळतात. कर गेल्यावरही भाडं त्यातून निघतं. इतकी वर्षं बाहेर राहिल्यामुळे परतल्यावर पहिली दोन, कधी तीन आर्थिक वर्षं भारतात तुम्हाला "निवासी पण सामान्य निवासी नाही" हा दर्जा मिळेल. त्या काळात परदेशातल्या व्याजावर किंवा शेअरविक्रीच्या नफ्यावर भारतात कर लागत नाही. अमेरिकेचा कर तुमच्या तिथल्या दर्जानुसार लागेलच. म्हणजे भाड्याची दोन वर्षं आणि पैसे निवांत हलवायची दोन वर्षं एकदमच येतात. याहून सोयीचं काय हवं?

तोवर घराचा पैसा डॉलरमध्येच, अमेरिकेतल्या सुरक्षित मुदतीच्या रोख्यांत ठेवा. एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई भारतात रुपयांत ठेवायच्या अनिवासींच्या खात्यातल्या ठेवीवर भारतात कर नाही म्हणून सगळे तिकडे धावतात, पण तुम्ही अमेरिकेत विवरणपत्र भरता, तिथे ते व्याज दाखवावंच लागतं. भारतीय म्युच्युअल फंडांना तर हातच लावू नका. अमेरिकेचे त्यांच्यासाठीचे करनियम फार जाचक आहेत. परतायच्या आधीच घर घ्यायचा मोह झालाच, तर पैसे एनआरई खात्यातून द्या आणि पावत्या जपा. तशा दोन घरांपर्यंत मूळ रक्कम पुन्हा बाहेर नेता येते. एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यातून बाहेर न्यायला वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे.

ॲरिझोनाबद्दल थोडक्यात. घाबरून घर विकू नका. जून २०२३ मध्ये राज्याने फिनिक्स परिसरातल्या भूजलाचा शंभर वर्षांचा हिशेब मांडला, त्यात तूट निघाली आणि फक्त भूजलावर अवलंबून असलेल्या नव्या वसाहतींना परवाने थांबले. फटका बसला तो बकाय, क्वीन क्रीकसारख्या कडेच्या गावांना. चँडलरला शंभर वर्षांच्या पाण्याचा दाखला आहे आणि सॉल्ट-व्हर्डे नद्या, कोलोरॅडोचा कालवा, भूजल असे वेगवेगळे स्रोत आहेत. कोलोरॅडोच्या वाटपाचे २००७ चे नियम २०२६ अखेरपर्यंतच आहेत, पुढच्या कपातीवर लक्ष ठेवा. दर वाढतील, नळ कोरडा पडणार नाही. आता बघा, तिथे तुम्ही शंभर वर्षांचा दाखला असलेलं घर पाण्याच्या भीतीने विकायला निघालात आणि इथे कसलाच कागद नसलेलं घेताय. तुमच्या ह्यांना ही ओळ वाचून दाखवा.

सासूबाईंना वाघोलीला हलवण्याचा विचार तर मुळीच नको. त्यांचा डॉक्टर, वाणी, मैत्रिणी सगळं कोथरूडला. तुमचं भाड्याचं घर त्यांच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. निवृत्तीच्या खात्याला साडेएकोणसाठ वर्षांआधी हात लावू नका, बहुतेक वेळा कराशिवाय काढलेल्या रकमेवर दहा टक्के दंड पडतो. मुलीच्या कॉलेजबद्दल स्वतंत्र पत्र लिहा, आणि त्यात तिचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते आधी लिहा, या पत्रात ते कुठेच नव्हतं.