क्लाउनफिशची जोडी सारखी अंडी घालते, वेगळी करावी का?

नका करू. कुणीही सांगितलं तरी करू नका.

तुम्ही लिहिलंय की तुमची ओसेलारिस जातीच्या क्लाउनफिशची (पांढऱ्या पट्ट्यांचे छोटे केशरी समुद्री मासे) जोडी दर 12-13 दिवसांनी अंडी घालतेय, मादी खंगेल अशी भीती वाटतेय आणि दुकानदार म्हणतो दोघांना दोन-तीन महिने वेगळ्या टाक्यांत ठेवा. हाच सल्ला 2018 मध्ये मला माझ्या धाकट्या दिरांनी दिला होता. मी तो ऐकला आणि माझा नर गेला. म्हणून लिहायला बसलेय.

आम्ही रत्नागिरीचे. तीन फुटी टाकी, त्यात ही जोडी चार वर्षं सुखाने नांदत होती. अंडी घालायला जुन्या घराच्या मंगलोरी कौलाचा तुकडा काचेला टेकवून ठेवला होता. आधी दोन दिवस दोघं मिळून तोंडाने कौल घासायची. मग दुपारनंतर मादी पोट टेकवत कौलावरून सरकायची, मागे केशरी अंड्यांची ओळ उमटायची, आणि नर तिच्या मागोमाग. अंडी राजगिऱ्याच्या दाण्याहून जरा लांबट. पहिल्या दिवशी झेंडूसारखी केशरी, मग काळपट, शेवटच्या दिवशी प्रत्येक अंड्यात चंदेरी डोळ्यांची जोडी चमकायची. नर दिवसभर परांनी त्यांना वारा घालायचा, पांढरं पडलेलं अंडं तोंडाने वेचून टाकायचा.

जुलैमध्ये भावजी आले, कौल बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, ही मादी मरणार. बाळंतपणावर बाळंतपण चाललंय तिचं. नर काढा बाजूला." त्यांनी वीस वर्षं गप्पी आणि गोल्डफिश पाळलेत, घरात माशांच्या बाबतीत त्यांचाच शब्द शेवटचा. गप्पींच्या बाबतीत ते बरोबरही आहेत. तिथे नर मादीच्या मागे लागून तिला जेरीस आणतात, त्यामुळे वेगळं केल्यावर तिला खरंच विश्रांती मिळते. पण इथे नर मादीच्या मागे लागत नाही. इथे मालकीण मादी असते. क्लाउनफिश सगळे आधी नरच असतात, गटातला सगळ्यात मोठा, वरचढ मासा मादी होतो. ती असेपर्यंत बाकीचे नरच राहतात. ती नाहीशी झाली की तिच्या खालचा नर मादी व्हायला लागतो.

हे मला तेव्हा माहीत होतं, तरी मी गप्प बसले. नर मागच्या खोलीतल्या छोट्या टाकीत गेला. दहा आठवडे एकटा राहिला, चांगला खायचा, अंगाने भरला. गणपती 13 सप्टेंबरला होते. घर पाहुण्यांनी भरणार, मागची खोली लागणार, म्हणून आदल्या संध्याकाळी मी त्याला परत मोठ्या टाकीत सोडला.

पूर्वी मादी जवळ आली की तो अंग तिरकं करून सबंध थरथरायचा. ज्यांच्याकडे जोडी आहे त्यांनी ही थरथर पाहिलेली असते. "तू मोठी, मी लहान" असं ते सांगणं असतं. त्या संध्याकाळी ती त्याच्याकडे आली आणि तो थरथरला नाही. तिच्यासमोर तसाच सरळ उभा राहिला. मी हे डोळ्यांनी पाहिलं, आणि स्वयंपाकघरात सारण वाट बघत होतं म्हणून उठून गेले. सकाळी त्याची शेपटी फाटलेली होती, हीटरच्या मागे अंग चोरून होता. त्या गर्दीत त्याला काढायचं राहिलं. दीड दिवसाचं विसर्जन करून आलो तेव्हा तो तळाला होता.

तेव्हापासून दर गणपतीला भावजी सगळ्यांदेखत म्हणतात, "वहिनींनी पाणी नीट ठेवलं नाही, म्हणून मेला." भावजी, तुम्ही हे वाचणार आहात, म्हणून सांगते. सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा, विशिष्ट गुरुत्वाच्या मापात) दोन्ही टाक्यांत 1.025 होती, अमोनिया शून्य होता, वही माझ्याकडे आहे. त्याच पाण्यात दोन कोळंब्या आणि एक गोबी (तळाशी राहणारा छोटा मासा) मजेत जगले. पाण्याने शेपटीचे लचके तुटत नाहीत. 1977 मध्येच हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी 'नेचर'मध्ये लिहून ठेवलंय की या माशांमध्ये लिंगबदल वरचढ माशाच्या दादागिरीने दाबून धरलेला असतो. आपण तो दाब दहा आठवडे काढून घेतला. पूर्ण मादी व्हायला पुष्कळ महिने लागतात, पण वागणं त्याच्या फार आधी बदलतं. मी त्याला परत सोडला तेव्हा तिच्या लेखी तो नवरा नव्हता, सवत होती.

आता तुमचं. 12-13 दिवसांनी अंडी घालणं हे दुखणं नाही, उलट जोडी खातेपिते, सुखात आहे याची ती खूण आहे. उष्ण समुद्रातही ती वर्षभर असंच करतात. मादीला दमवायचं नसेल तर तापमान 28 अंश असेल तर हळूहळू, दोन-तीन दिवसांनी अर्धा अंश असं करत 26 वर आणा. दिवा 12 तास लावत असाल तर 9-10 तासांवर आणा. खाणं मात्र तोडू नका. उपाशी ठेवून अंडी थांबवायचा सल्ला मला फार वाईट वाटतो. उलट तिला दिवसातून दोन-तीनदा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), बारीक चिरलेली कोळंबी असं कसदार द्या. पोट खपाटीला गेलं, पाठीच्या कडेने मांस उतरलं तरच काळजी करा.

तुमच्याकडेही अंडी घालायला कौल असेल तर ते काढू नका, ती काचेवर घालतील. अंडी खाल्ली तर खाऊ द्या. पहिल्या काही वेळा तर बहुतेक जोड्या स्वतःच खातात. सातव्या-आठव्या रात्री दिवा मालवल्यावर पिल्लं अंड्यांतून बाहेर पडतात आणि टाकीतले बाकीचे त्यांच्यावर ताव मारतात, समुद्रातही याहून फार वेगळं होत नाही. त्याचं पाप तुमच्या माथी नाही.

पिल्लं वाढवायचीच असतील तर तो वेगळा संसार आहे. पहिल्या दिवसापासून जिवंत रोटिफर (डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव) लागतात, रोटिफरला हिरवं शेवाळपाणी लागतं, आणि हे दोन्ही अंडी फुटायच्या आधी तयार हवं. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाची पिल्लं) सुरुवातीला त्यांच्या तोंडात मावत नाही. पहिल्या खेपेला मी तीच चूक केली आणि तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी होती. दुसऱ्या खेपेला 14 वाचली. दहाव्या दिवसाच्या आसपास डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा दिसला त्या सकाळी मी शाळेत उशिरा गेले. पण दर पंधरवड्याला दोन-तीनशे पिल्लं कुठे ठेवणार, याचा विचार आधी करा.

एक राहिलंच. मादी खरोखर नराला फाडत असेल तर वेगळं करावंच लागतं, पण त्याच टाकीत, भोकांची जाळी मध्ये घालून, दोघं एकमेकांना दिसतील अशी. आणि हे सगळं ओसेलारिसचं झालं. 'मरून क्लाउन' ही गडद तांबडी जात असेल तर ती मादी याहून कितीतरी भांडकुदळ असते, तिथे माझा अनुभव लावू नका.

तुमच्या टाकीचं तापमान किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते तेवढं कळवा.