सेंटओएस ७ या लिनक्सची रिपॉझिटरी (पॅकेजेसचा साठा) रॉकी ९ या दुसऱ्या लिनक्सच्या मशीनवरून मिरर करता येते का, म्हणजे तिची पूर्ण प्रत उतरवता येते का, की व्हर्जन जुळायलाच हवं?

येते. व्हर्जन जुळायला हवं हा गैरसमज आहे, आणि तो पसरवणारे बहुतेक जण पदाने सिनियर असतात.

आमचेच साहेब घ्या. चाकणच्या एका प्लांटमध्ये इंटरनेट नसलेल्या नेटवर्कवर काही सर्व्हर होते, सगळे ७.६ वर अडकलेले, कारण तपासणी यंत्राचा ड्रायव्हर त्याच कर्नलवर (ओएसच्या गाभ्यावर) सर्टिफाइड. साहेबांचा नियम असा, की ज्या व्हर्जनचा मिरर त्याच व्हर्जनचं मशीन. त्यासाठी एक सेंटओएस ७ ची व्हीएम (आभासी मशीन) कायम बाहेरच्या नेटवर उघडी ठेवलेली. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा सपोर्ट संपला, मिररलिस्टचा (डाउनलोडच्या ठिकाणांच्या यादीचा) पत्ता बंद झाला आणि त्या व्हीएमवर यम (पॅकेजेस उतरवणारं साधन) ‘होस्ट सापडत नाही’ म्हणून रडायला लागलं. साहेबांनी लगेच जाहीर केलं की पॅकेजेस आता जगात कुठेच नाहीत, सगळे सर्व्हर नव्याने बसवा. कोटेशनसुद्धा मागवलं!

पॅकेजेस कुठेही गेली नव्हती. ७.६ सारखी जुनी पॉइंट रिलीज व्हॉल्टमध्ये (जुन्या रिलीजच्या संग्रहात) जाते, ही पद्धत सपोर्ट चालू असतानाही होतीच. मी रॉकी ९ वर एक रेपो फाइल लिहिली, बेसयूआरएलमध्ये (डाउनलोडच्या पत्त्याच्या ओळीत) व्हॉल्टचा पत्ता आणि ७.६.१८१० थेट टाकलं, डीएनएफचं (रॉकीवर यमच्या जागी हे असतं) रिपोसिंक, म्हणजे पूर्ण साठा उतरवणारी आज्ञा, लावलं आणि घरी गेलो. सकाळी सगळं डिस्कवर.

तुम्ही अडकताय ते बहुधा रिलीजव्हरपाशी, म्हणजे पत्त्यात ओएसचा आकडा भरणाऱ्या व्हेरिएबलपाशी. सेंटओएसची रेपो फाइल जशीच्या तशी रॉकीवर ठेवली की तो व्हेरिएबल ९ होतो, भलताच पत्ता तयार होतो आणि काहीच सापडत नाही. यात कसलीही बंदी नाही. बेसयूआरएलमध्ये आकडा स्वतः लिहा, मिररलिस्टची ओळ उडवा. डीएनएफच्या कॉन्फिगमध्ये एक्सक्लूडची (पॅकेजेस वगळायची) ओळ असेल तर तीही बघा, ती रिपोसिंकलाही लागू होते आणि पॅकेजेस गुपचूप गळतात.

मग साहेब म्हणाले, फक्त ताजी पॅकेजेस ठेवा, डिस्क वाचेल. इथे आमचं खरं वाजलं. अपडेट्सच्या रेपोत ‘न्यूएस्ट-ओन्ली’ लावलं, की कर्नल-डेव्हलचं (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या पॅकेजचं) फक्त शेवटचं व्हर्जन उरतं. आमची मशीन्स कर्नल ९५७.१.३ वर, ड्रायव्हर बांधायला नेमकं तेच हवं. शिवाय मूळ मेटाडेटा (रेपोतल्या पॅकेजेसची यादी) उतरवला असेल तर त्यात जुन्या पॅकेजेसची नावं तशीच राहतात, क्लायंट ती मागतो आणि फाइल नसते. मग क्रिएटरेपो (ती यादी बनवणारं साधन) पुन्हा चालवा. एवढं करण्यापेक्षा डिस्क स्वस्त पडते.

तुमच्याकडेही कुणी ‘त्याच व्हर्जनचं मशीन हवं’ म्हणत असेल तर विचारा, आरपीएम फाइल (पॅकेजची फाइल) कुठल्या ओएसने उतरवली हे त्या फाइलला कसं कळणार? पोथी वाहून नेणाऱ्याला संस्कृत यावं लागत नाही. व्हर्जनचा प्रश्न येतो तो मेटाडेटा नव्याने बनवताना. सेंटओएस ५ च्या यमला एसएचए-२५६ हा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे ना हे तपासणारा आकडा) चालायचा नाही, म्हणून क्रिएटरेपोला जुना एसएचए मुद्दाम सांगावा लागायचा. म्हणजे साहेबांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, पण त्याचा इलाज व्हीएम नव्हे, एक ऑप्शन आहे. आणि मूळ मेटाडेटा जसाच्या तसा घेतलात तर तोही लागत नाही.

हो, व्हॉल्टमध्ये नवे सिक्युरिटी पॅच येत नाहीत, त्यामुळे इंटरनेटला जोडलेल्या सर्व्हरसाठी हे करू नका. क्लायंटवर जीपीजीचेक (पॅकेजची सही तपासणं) बंद करू नका, किल्ली सेंटओएस ७ मध्ये आधीपासून असते. आणि रेड हॅटचं सबस्क्रिप्शन असेल तर वरचं सगळं तसंच चालणार नाही, तिथे सर्टिफिकेट लागतं. आमच्याकडे ते नव्हतं, कोटेशन मात्र होतं.