जुन्या ट्रुपीच्या दोन डिझेल टाक्या: आधी कुठली वापरायची, आणि सब-टाकीवर गाडी झटके का खाते?

तुमचा प्रश्न असा: पर्थमध्ये 1990 नंतरची, 75 सिरीजची टोयोटा लँड क्रूझर ट्रूप कॅरियर (‘ट्रुपी’) घेतली आहे, 4.2 लिटरचं 1एचझेड डिझेल इंजिन, 90-90 लिटरच्या दोन टाक्या, मुख्य ती ‘मेन’ आणि दुसरी ‘सब’. सब-टाकीवर घेतलं की थोड्या वेळाने गाडी झटके खाते. मेन टाकी भरलेली असली तर तिच्या झाकणापाशी डिझेल गळतं. आणि पुढे कॅनिंग स्टॉक रूट, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली लांबलचक कच्ची वाट, करायचा आहे, तर आधी कुठली टाकी वापरायची?

हे दोन वेगळे दोष आहेत. एकाच दुरुस्तीत दोन्ही जातील असं धरून चालू नका.

आधी गळती. डिझेल पंप जेवढं डिझेल ओढतो तेवढं सगळं जळत नाही. पंप थंड ठेवून आणि आतल्या भागांना वंगण देऊन उरलेलं डिझेल रिटर्न पाइपने टाकीत परत जातं. त्यामुळे दोन टाक्यांच्या डिझेल गाडीत टाकी बदलणारा व्हॉल्व्ह दुहेरी काम करतो. त्याला सहा तोंडं असतात: इंजिनकडे जाणारी एक आणि इंजिनकडून येणारी एक, शिवाय प्रत्येक टाकीची जाणारी-येणारी जोडी. बटण दाबल्यावर ओढ आणि रिटर्न दोन्ही एकदम बदलायला हवेत. तुमच्या गाडीत ओढ सबवर जाते आहे आणि रिटर्न मेनवरच अडकलेला दिसतो. म्हणजे सबमधलं डिझेल पंपातून फिरून मेनमध्ये पडतं, आणि मेन आधीच भरलेली असेल तर ते बाहेर येण्याशिवाय दुसरा रस्ता नाही. झाकणाचं रबर बदलून हे थांबणार नाही.

खात्री करायला दहा मिनिटं पुरतात. चॅसीच्या पट्टीवर बसवलेला व्हॉल्व्ह शोधा आणि त्यातून दोन्ही टाक्यांकडे जाणारे रिटर्न पाइप ओळखा. ते व्हॉल्व्हच्या तोंडावरून काढा आणि त्या तोंडांना दोन नळ्या लावून वेगवेगळ्या पारदर्शक बाटल्यांत सोडा. इंजिन आयडलला चालू ठेवा. मेनवर असताना फक्त मेनची बाटली भरली पाहिजे, बटण दाबल्यावर फक्त सबची. दोन्हींत येत असेल तर व्हॉल्व्ह आतून झिजला आहे, बटणाने टाकी बदलल्यावरही पहिलीच बाटली भरत राहिली तर तो अडकला आहे. व्हॉल्व्हवर हात ठेवून ‘टक्’ जाणवली म्हणून तो नीट आहे असं समजू नका. आवाज कॉइलचा येतो, आतलं तोंड पूर्ण बंद झालं की नाही ते त्यावरून कळत नाही. आवाजच येत नसेल तर चावी ऑन ठेवून प्लगवर 12 व्होल्ट येतात का ते मीटरने पाहा, आणि मग अर्थ. चॅसीवरचा गंजलेला अर्थ हा यातला सर्वांत स्वस्त इलाज असतो.

व्हॉल्व्ह बदलायचा झाला तर बरेच लोक सहा तोंडांचा मोटरवाला व्हॉल्व्ह बसवतात. तो टिकतो, पण वायरिंगमध्ये फसगत होते. मूळच्या सोलेनॉइडला, म्हणजे कॉइलने सरकणाऱ्या व्हॉल्व्हला, एका बाजूला असताना करंट मिळतो आणि दुसऱ्या बाजूला असताना तुटतो. मोटरच्या व्हॉल्व्हला मात्र दर बदलाला प्लस-मायनस उलटे व्हावे लागतात. म्हणून जुन्या वायरी जशाच्या तशा जोडल्या तर तो एकदा फिरतो आणि तिथेच राहतो. दोन पोलचं उलटापालट करणारं बटण किंवा रिले लागतो. बसवण्याआधी प्रत्येक तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंकून बघा, कुठून कुठे वाट आहे ते कागदावर काढा, मगच पाइप चढवा. क्लॅम्प गुळगुळीत पट्टीचे घ्या, जाळीदार पट्टीचे रबर कापतात.

आता झटके. याची कारणं साधारण तीन आणि त्यांना वेगळं ओळखता येतं.

पहिलं, हवेची वाट. टाकीतून डिझेल बाहेर पडतं तशी आत हवा यायला हवी. ऑस्ट्रेलियात मातीची घरटी करणाऱ्या गांधीलमाश्यांना टाकीच्या ब्रीदरची, म्हणजे ही हवा आत घेणारी, नळी फार आवडते. शिवाय लाल धूळ आहेच. गाडी झटके खाऊ लागली की थांबून सबचं झाकण उघडा. ‘सूंऽऽ’ करत हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी पुन्हा ओढू लागली, तर ब्रीदर तुंबलेला आहे. नळी काढून कॉम्प्रेसरने हवा मारा आणि तिचं टोक उंच नेऊन त्यावर छोटा फिल्टर बसवा.

दुसरं, सबच्या पाइपातून हवा धरणं. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग ओढीवर चालतो, दाबावर नाही, त्यामुळे तडकलेला पाइप बाहेर डिझेल गाळत नाही, आत हवा घेतो. खाली ओलं दिसत नाही म्हणून मेकॅनिक पाइप नीट असल्याचं सांगून मोकळा होतो. फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक डिझेल-नळी जोडा. मेनवर बुडबुडे नाहीत आणि सबवर आहेत, तर दोष सब आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या पाइपात आहे. या वयाच्या गाडीत एकच तुकडा बदलण्यात अर्थ नाही, सब-टाकीचे सगळे रबर पाइप एकदम बदला.

तिसरं, टाकीतली घाण. वर्षानुवर्षं कोणी वापरली नाही तर सबच्या तळाशी पाणी साठतं आणि डिझेल व पाणी जिथे भेटतात तिथे जंतूंचा काळपट चिकट थर वाढतो. तो टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पाइपच्या जाळीवर बसतो. गाडी रात्रभर सपाटीवर उभी ठेवा, सकाळी न हलवता तळाचा ड्रेन प्लग सैल करून पहिलं अर्धा लिटर काचेच्या बरणीत घ्या. पाणी खाली बसतं, लगेच दिसतं. थोडंसं पाणी असेल तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढून टाका. काळे पापुद्रे दिसले तर टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही. नुसतं जंतुनाशक ओतलं तर मेलेला थर सुटून फिल्टरमध्ये येतो आणि प्रवासात फिल्टरवर फिल्टर बदलावे लागतात.

कुठली आधी? माझं मत ठाम आहे: दोन्ही भरून निघा आणि गाव सुटताच सबवर घ्या. सबमध्ये, तिच्या पाइपात किंवा व्हॉल्व्हमध्ये काही बिघाड असेल तर तो पहिल्या 50 किमीतच समजावा, आणि तेव्हा मेन काठोकाठ भरलेली असावी. ‘मेन संपली की बघू’ म्हणणाऱ्याला सब चालत नाही हे 600 किमी आत गेल्यावर कळतं. सब पाव उरली की मेनवर या, तळाशी गेल्यावर नाही. तो पाव भाग राखीव समजा.

बदल करताना इंजिन बंद करायची गरज नाही, पण सपाट रस्त्यावर आणि जिथे बाजूला घेता येईल अशा जागी करा. फिल्टर आणि पाइपात जुन्या टाकीचं डिझेल शिल्लक असतं, म्हणून नवीन टाकीत गोम असेल तर ती बटण दाबल्याबरोबर नाही, थोड्या वेळाने कळते. ओव्हरटेक करताना किंवा वाळूच्या टेकडीच्या मध्यावर हा प्रयोग नको. काटाही स्थिरावायला अर्धा-एक मिनिट घेतो.

काट्यावर मात्र फार विसंबू नका. हिशेब ट्रिपमीटरवर ठेवा. डांबरी रस्त्यावर 100 किमीला 13 लिटर धरले तर 180 लिटरमध्ये कागदावर जवळजवळ 1,400 किमी होतात. प्रत्यक्षात 1,150 ते 1,200 च्या पुढे बेत आखू नये. कॅनिंगवर तर हे गणितच बदलतं. या वाटेची दोन टोकं, विलुना ते हॉल्स क्रीक, साधारण 1,850 किमी, आणि मध्ये डिझेल मिळतं ते वाटेवरच्या 33 नंबरच्या विहिरीजवळच्या कुनावारिच्ची या वस्तीला. विलुनाहून तिथपर्यंत सुमारे 1,000 किमी. वाळूत, लो गिअरमध्ये, सामानासकट 100 किमीला 18 लिटर धरा: बरोबर 180 लिटर, शिल्लक शून्य. म्हणून दोन टाक्या असल्या तरी 20 लिटरचे किमान दोन जेरी कॅन लागतीलच. वजनही मोजा. 180 लिटर डिझेल म्हणजे सुमारे 150 किलो, माणसं आणि पाणी चढण्याआधीच.

दोन टाक्यांचा खरा फायदा मला पल्ल्यापेक्षा वेगळ्या गोष्टीत वाटतो. आडगावच्या पंपावरचं डिझेल संशयास्पद असेल तर ते एकाच टाकीत भरता येतं, दुसरी स्वच्छ राहते. निसान पेट्रोलसारख्या गाड्यांत, जिथे सबमधून पंपाने डिझेल मेनमध्ये उपसतात, तिथे ही सोय नाही, उपसलं की सगळं एक झालं. अडकलेला रिटर्न तुमची हीच सोय काढून घेतो.

भरताना शेवटचे दोन लिटर कोंबू नका. जमिनीखालच्या टाकीतलं गार डिझेल उन्हात 20 अंशांनी तापलं तर 90 लिटरमागे जवळपास दीड लिटर फुगतं.

आणि टाकी चुकून कोरडी पडलीच तर: भरलेली टाकी निवडा आणि चावी ऑन करा. सोलेनॉइडचा व्हॉल्व्ह चावीशिवाय हलत नाही, हे विसरून लोक रिकामी टाकी तासभर पंप करत बसतात. फिल्टरवरचा हँड प्राइमर कडक लागेपर्यंत दाबा. मग सेल्फ एका वेळी 10-15 सेकंदच मारा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. तरीही घेत नसेल तर नोझलच्या पाइपांचे नट 17 च्या पान्ह्याने अर्धा फेरा सैल करा, सेल्फवर डिझेल पाझरू लागलं की आवळा. त्या फवाऱ्यासमोर हात धरू नका, तो कातडीत शिरतो. हा उपाय 1एचझेडसारख्या जुन्या यांत्रिक पंपापुरताच आहे, कॉमन रेल इंजिनचे पाइप असे कधीही उघडायचे नाहीत. सोबत दोन डिझेल फिल्टर, दोन मीटर पाइप आणि आठ क्लॅम्प ठेवा. व्हॉल्व्ह वाटेत मेलाच तर टाकीचे ओढ आणि रिटर्न असे दोन्ही पाइप त्याला वगळून थेट जोडायला एवढं सामान पुरतं.